छत्रीखाली वाकून पाहा

१९ जून २०२३ची गोष्ट. कर्नाटकात कुद्रेमुखच्या पायथ्याशी, कारकळ भागात, पावसाच्या पाण्याने भरलेल्या एका डबक्यापाशी काही निसर्गनिरीक्षक बेडूक पाहत होते. सोनेरी पाठीचे छोटे बेडूक. त्यांतल्या एकाच्या कुशीवर काहीतरी चिकटल्यासारखं दिसलं. वाकून पाहिलं तर ती अळंबी होती. इवलासा दांडा, त्यावर इवलीशी टोपी, आणि बेडूक चांगला जिवंत. त्यांनी फोटो काढले. बेडूक पकडला नाही, अळंबी तोडली नाही. पुढच्या वर्षी ‘रेप्टाइल्स अँड अँफिबियन्स’ या नियतकालिकात त्यावर छोटं टिपण आलं आणि तो फोटो जगभर फिरला.

फोटो पाहून कवकांच्या जाणकारांनी सांगितलं, ही ‘मायसेना’ वंशातली दिसते. एवढंच. जात सांगितली नाही. मायसेना एरवी कुजक्या लाकडावर, पालापाचोळ्यावर उगवतात. बेडकाच्या कातडीवर ती कशी रुजली, तिचे तंतू आत किती खोल गेले होते, बेडकाला त्याचा त्रास होता का, यातलं काहीच फोटो सांगू शकत नव्हता. बातम्या देणाऱ्यांनी पुढचं बरंच काही रंगवलं. जाणकार मात्र वंशाच्या नावापाशी थांबले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे थांबणं.

कारण पाऊस सुरू झाला की आपल्याकडे नेमकं याच्या उलट घडतं. ताम्हिणी, माळशेज, आंबोली, भीमाशंकर, कुठूनही परतलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये दोन-चार तरी छत्र्यांचे फोटो असतात. सुंदर फोटो. हिरवं शेवाळ, मागून येणारा उजेड, टोपीवर पाण्याचे थेंब. त्याबरोबर दोन प्रश्न ठरलेले: हे कुठलं? आणि खाता येतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोटोवरून कधी मिळतं, कधी मिळत नाही. दुसऱ्याचं कधीच देऊ नये. तरीही पाच मिनिटांत कुणीतरी मोबाइलमधल्या अ‍ॅपवरून लांबलचक लॅटिन नाव काढतं, बाकीचे अंगठे उंचावतात, आणि ते नाव त्या फोटोला कायमचं चिकटतं.

यात मोठा वाटा आपल्या पक्षीनिरीक्षणाच्या सवयीचा आहे. भारतातल्या पक्ष्यांच्या जाती साधारण तेराशे. जवळपास सगळ्यांना नावं आहेत, चित्रांची पुस्तकं आहेत, बरा फोटो असला तर नाव सापडतंच. तीच अपेक्षा घेऊन माणूस बुरशीकडे वळतो आणि फसतो. जगात आजवर नाव मिळालेली कवकं सुमारे दीड लाख. प्रत्यक्षात ती किती असावीत, याचा २०१७ साली हॉक्सवर्थ आणि ल्यूकिंग या शास्त्रज्ञांनी मांडलेला अंदाज बावीस ते अडतीस लाखांचा आहे. म्हणजे सह्याद्रीत तुम्ही टिपलेल्या छत्रीला अजून कुणी नावच दिलेलं नाही, ही शक्यता अगदी खरी आहे. त्यात आपण फोटो काढतो तो कवकाच्या फळाचा. खरं शरीर लाकडात किंवा मातीत पसरलेल्या तंतूंचं असतं. फळ चार-आठ दिवसांचं, आणि तेवढ्यात त्याचं रूप तीनदा पालटतं. आज गोल कळी, उद्या उघडी छत्री, परवा कडा वर वळलेलं काळपट काहीतरी. तीन दिवसांचे तीन फोटो दाखवले तर तीन जाती वाटाव्यात.

फोटोवरून काहीच ओळखता येत नाही, असं मात्र मुळीच नाही. बाल्कनीतल्या कुंडीत पावसाळ्यात अचानक उगवणारी पिवळीधमक छत्री घ्या. तिला ‘ल्युकोकोप्रिनस बर्नबाउमी’ म्हणतात, आणि बऱ्या फोटोवरून ती निर्धास्त ओळखता येते. रोपाला तिचा काही अपाय नाही, तोंडात मात्र घालायची नाही. वाळक्या फांद्यांवरचे पांढरे, केसाळ, पंख्यासारखे तुकडे उलटे करून पाहिले आणि खालची पातळ पाती लांबीत चिरलेली दिसली, की ते ‘शिझोफायलम कम्यून’. पडक्या ओंडक्यावरचे गुलाबी-नारिंगी पेले, काठावर लांब केस असलेले, ‘कुकेइना’. तपकिरी वलयांचं पातळ नरसाळं आणि पिवळट दांडा, ‘मायक्रोपोरस झँथोपस’. टोपीखालून पांढऱ्या जाळीचा घोळदार झगा सोडणारी आणि मेलेल्या प्राण्यासारखी घाण मारणारी ‘फॅलस’ तर कुणालाही ओळखू येईल. अशी वीस-पंचवीस कवकं पक्की ओळखीची करून घेणं हा मला उत्तम छंद वाटतो. पंचाईत होते ती उरलेल्यांची, आणि त्यात नेमक्या खाल्ल्या जाणाऱ्या आणि जिवावर बेतणाऱ्या दोन्ही येतात.

वारुळावरच्या अळंबीचंच पाहू. विदर्भात टेकोडे, सात्या, गोव्यात अळमी, कोकणात अळंबी अशी नावं घेऊन जे बाजारात येतं, त्यातलं सर्वांत मानाचं ‘टर्मिटोमायसेस’ वंशातलं असतं. वाळवी चावून आणलेल्या पाल्यालाकडाचं जमिनीखाली पोळं रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि ती खाते. पावसाच्या ठरावीक आठवड्यात त्या पोळ्यातून दांडा वर चढतो, माती फोडतो आणि छत्री उघडतो. माती फोडायची म्हणून टोपीच्या मध्यावर टणक, टोकदार उंचवटा असतो. दांडा जमिनीशी संपत नाही. तो मुळासारखा निमुळता होत खाली जातो, कधी हातभर खोल, थेट पोळ्यापर्यंत. टोपी कागदावर रात्रभर पालथी ठेवली तर सकाळी बीजाणूंचा फिकट गुलाबी ठसा मिळतो.

आता हिच्या शेजारी ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस’ ठेवा. हीही पावसातच येते, हिरवळीत, मैदानात, गुरं चरतात त्या माळावर. मोठी, पांढरी, देखणी. टोपीवर तपकिरी खवले, दांड्यावर कडं, बुडाशी थोडी फुगीर गाठ. मूळ नाही. कोवळेपणी खालची पाती पांढरीशुभ्र असतात. हिरवट रंग येतो तो ती पुरती पिकल्यावर, आणि बीजाणूंचा ठसा हिरवा पडतो. पोटात गेली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. जगात अळंबीच्या विषबाधेच्या घटनांमध्ये हिचं नाव वारंवार येतं.

दोघींचा वरून काढलेला फोटो समोर ठेवला तर काय दिसतं? गवतातली एक पांढरी टोपी. मूळ फोटोत नाही, पाती फोटोत नाहीत, ठसा घेतलेलाच नाही. कड्यावर भिस्त ठेवावी तर टर्मिटोमायसेसच्या काही जातींनाही कडं असतं. मुळावर ठेवावी तर शेकड्यांनी उगवणाऱ्या इवल्या छत्र्यांच्या ‘टर्मिटोमायसेस मायक्रोकार्पस’ला तसं मूळच नसतं. गुलाबी ठशावर ठेवावी तर ‘एन्टोलोमा’ या वंशाचा ठसाही गुलाबीच, आणि त्यात विषारी जाती आहेत. चार-पाच खुणा एकत्र जुळल्याशिवाय ओळख पटत नाही. गावातल्या जाणत्या बाया अळंबी आणतात तेव्हा त्यांना वारूळ कुठलं ते माहीत असतं, आठवडा माहीत असतो, दांडा उपटताना तो हाताला कसा लागतो ते माहीत असतं, वास माहीत असतो. हे सगळं ज्ञान वर्षानुवर्षं त्याच जागी जाऊन मिळालेलं असतं आणि त्यातलं काहीच फोटोत उतरत नाही. त्या बाईच्या टोपलीतली अळंबी खाणारा सुरक्षित असतो. तिचा फोटो जुळवून दुसऱ्या डोंगरावर तोडणारा नसतो.

२०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात विषबाधेच्या तज्ज्ञांनी एक साधी परीक्षा घेतली. आधीच पक्क्या ओळखलेल्या ७८ नमुन्यांचे फोटो तीन अ‍ॅपना दाखवले. सर्वांत हुशार ठरलेल्या अ‍ॅपने ४९ टक्के बरोबर सांगितले. उरलेल्या दोघांनी ३५ टक्के. नमुने आधीच पक्के ओळखलेले, तरीही निम्म्याहून कमी. आपल्याकडच्या जंगलांत हा आकडा वाढेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही, कारण या अ‍ॅपना शिकवायला वापरलेले फोटो बव्हंशी युरोप-अमेरिकेतले असतात.

आणि चूक झाली तर ती कसली असते, हेही स्पष्ट लिहायला हवं. ‘अमॅनिटा’ वंशातल्या काही जातींत अमॅटॉक्सिन नावाचं विष असतं. शिजवून, वाळवून, उकळून ते जात नाही. चांदीचं नाणं काळं पडणं, लसूण रंगणं, किड्यांनी खाल्लेली असणं या सगळ्या कसोट्या खोट्या आहेत. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात. मग एखादा दिवस बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात, आणि त्याच काळात यकृत निकामी होत जातं. एप्रिल २०२२मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन तेरा जण गेले. बहुतेक चहाच्या मळ्यांतल्या कुटुंबांतले. म्हणून रानातली अळंबी खाल्ल्यावर कुणाला त्रास झाला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावं, आणि उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, कागदात गुंडाळून सोबत न्यावी. तिथे फोटोपेक्षा तो तुकडा डॉक्टरांच्या जास्त कामाचा असतो.

नावं चिकटवण्याचा दुसरा तोटा शास्त्राला होतो. झाडाच्या बुंध्यावर उगवणारं लालसर, चकचकीत, कडक कवक दिसलं की आपल्याकडे सर्रास ‘गॅनोडर्मा लुसिडम’ लिहिलं जातं. ते नाव १७८१ साली इंग्लंडमधल्या पेकॅमच्या नमुन्यावरून पडलं. चीनमध्ये औषध म्हणून हजारो वर्षं वापरात असलेलं कवकसुद्धा त्याहून वेगळं निघालं आणि २०१२मध्ये त्याला ‘गॅनोडर्मा लिंगझी’ हे स्वतंत्र नाव मिळालं. मग बाभळीच्या किंवा गुलमोहराच्या बुंध्यावरचं आपलं गॅनोडर्मा इंग्लंडचं कसं असेल? ‘गॅनोडर्मा, जात अनिश्चित’ असं लिहिलं तर पुढच्या अभ्यासकाला दार उघडं राहतं. चुकीचं नेमकं नाव लिहिलं तर पुन्हा कुणी त्याकडे वळून बघत नाही.

भीमाशंकर परिसरातल्या चमकणाऱ्या जंगलाच्या फोटोंचंही थोडं असंच झालंय. कुजक्या लाकडातले तंतू अंधारात खरोखर हिरवट प्रकाश देतात. पण डोळ्याला तो उजेड अगदी मंद, करडा दिसतो. फोटोतला हिरवा वणवा हा कॅमेऱ्याचा पडदा कितीतरी सेकंद उघडा ठेवल्याचा परिणाम असतो. शिवाय चमकतं ते बहुधा लाकूड. छत्री नसेल तर फोटोवरून नाव सांगणं हा निव्वळ तर्क.

मग फोटो काढायचा कसा? पुरावा म्हणून. एक वरून, एक बाजूने, एक खालून. खालचा फोटो सर्वांत महत्त्वाचा आणि तोच कुणी काढत नाही. तोडायची गरज नाही, दाढीचा छोटा आरसा टोपीखाली धरला की पाती आहेत की छिद्रं, ती दांड्याला चिकटलेली की सुटी, सगळं टिपता येतं. अभयारण्यात तर हाच मार्ग, तिथे काहीही तोडायचं नाही. परवानगी असलेल्या जागी भरपूर उगवली असतील तर एक बुडासकट उकरून दांड्याचं टोक दाखवावं, कारण अमॅनिटाच्या बुडाची पिशवी मातीतच दडलेली असते. शेजारी नाणं ठेवावं. ती लाकडावर आहे की मातीत, लाकूड कुठल्या झाडाचं, हे फोटोतही दिसावं आणि वहीतही लिहावं. कापल्यावर रंग बदलतो का, चीक येतो का, वास कसला, हे लिहून ठेवल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. दाट झाडीत प्रत्येक गोष्टीवर हिरवी छटा चढते आणि मोबाइल आपल्या मनाने रंग भडक करतो, म्हणून चौकटीत कोपऱ्यात पांढरा कागद असू द्यावा. घरी आणलेली टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी घालून वर वाटी झाकावी. सकाळी पडलेल्या ठशाचा फोटो हा छत्रीच्या दहा फोटोंहून मोलाचा.

दगडफुलांकडे वळलं की प्रकरण आणखी रंगतदार होतं. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. जगात त्यांच्या वीस हजारांच्या आसपास जाती आहेत, भारतात अडीच हजारांहून अधिक. हे दोन जीवांचं शरीर आहे, असं स्विस शास्त्रज्ञ सिमॉन श्वेन्डेनर यांनी १८६०च्या दशकात मांडलं तेव्हा त्या काळातले मोठे लायकेनतज्ज्ञ खवळले होते. त्यांतले एक विल्यम निलँडर. पण गंमत अशी की, आज दगडफूल ओळखायची जी रासायनिक पद्धत जगभर वापरतात ती १८६६ साली याच निलँडरनी सुरू केली. पोटॅशचा थेंब, ब्लीचचा थेंब, आणि रंग काय येतो ते बघायचं. त्याच वर्षी त्यांनी पॅरिसच्या लक्झेम्बर्ग उद्यानातली दगडफुलं नोंदवून हवेच्या शुद्धतेशी त्यांचा संबंध जोडला.

ब्लीचच्या थेंबाची ही परीक्षा घरी करून पाहण्यासारखी आहे. मी मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल ताटलीत पसरलं आणि दहापट भिंगाखाली एकेक तुकडा धरला. वरून सगळे एकसारखे करडे, खालून काळे, कडेला तपकिरी पट्टा. फोटो काढला तर एकच वस्तू वाटेल. भिंगाखाली मात्र दोन तऱ्हा. काही तुकड्यांच्या पृष्ठभागावर पोवळ्यासारखे अतिसूक्ष्म कोंब दाटलेले, काहींच्या वळलेल्या कडांवर पिठासारखी भुकटी. ब्लेडने वरचं कातडं अलगद खरवडलं की आत पांढरा कापसाळ थर लागतो. त्यावर दातकोरणीच्या टोकाने ब्लीचचा थेंब टेकवला. कोंबवाल्या तुकड्यावर क्षणात रक्तासारखा लाल रंग उमटला आणि बघता बघता विरला. भुकटीवाला तुकडा तसाच पांढरा राहिला. पहिलं ‘पारमोट्रेमा टिंक्टोरम’, ज्यात लेकॅनोरिक आम्ल असतं. दुसऱ्याच्या खुणा ‘पारमोट्रेमा परलॅटम’शी जुळतात, पण पक्कं म्हणायला पोटॅशची परीक्षाही हवी. (तपासलेले तुकडे फेकून द्यावेत, डब्यात परत टाकू नयेत.)

गुळगुळीत सालीवर बारीक काळ्या रेघोट्या काढणारं ‘ग्राफिस’ सह्याद्रीत पावलोपावली दिसतं. फोटोत ते फार सुरेख येतं. जात ठरवायची तर रेघेचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचे कप्पे मोजावे लागतात, आयोडीनने रंग बघावा लागतो. पुण्यात, पूर्वीच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत आणि आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखिजा यांनी आयुष्यभर हेच चिकाटीचं काम केलं. सालीला चिकटलेल्या, कुणी ढुंकूनही बघत नाही अशा दगडफुलांच्या कितीतरी जातींना त्यांच्यामुळे नाव मिळालं. त्याच संस्थेत कवकशास्त्रज्ञ अजरेकर यांच्या नावाचं कवकांचं संग्रहालय आहे. तिथल्या पाकिटात जपलेल्या चिमूटभर सुक्या तुकड्यातून पन्नास वर्षांनीही बीजाणू मोजता येतात, रसायन तपासता येतं, नशीब असेल तर डीएनएही काढता येतो. फोटो कितीही मोठा केला तरी त्यातून हे निघत नाही.

तरी रंग आणि रूप टिपणाऱ्या डोळ्याला कमी लेखू नये. उत्तर अमेरिकेत ‘ब्रायोरिया’ची दोन दगडफुलं आहेत, एक तपकिरी, एक पिवळं आणि विषारी. दोन्हींतली बुरशी तीच, शैवालही तेच निघालं. मग रंग वेगळा का? २०१६मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, त्यांत यीस्ट हा तिसरा भागीदारही राहतो आणि पिवळ्यात तो जास्त असतो. सगळ्याच दगडफुलांत यीस्टची भूमिका तीच आहे का, यावर वाद चालू आहे. पण प्रश्न सुरू झाला तो नुसत्या डोळ्यांना दिसलेल्या रंगापासून.

पाऊस सरला की छत्र्या ओसरतात. दगडफुलं बारा महिने जागेवर असतात, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. तेव्हा दारच्या आंब्यापासूनच सुरुवात करा. बुंध्यावर राखाडी, चिकटून बसलेली गोल चकती दिसली तर अंधारात तिच्यावर नोटा तपासायची अतिनील टॉर्च मारा. पिवळी चमकली तर ती बहुधा ‘पिक्सिनी’ असेल, शहराची हवा सोसणाऱ्या मोजक्या दगडफुलांपैकी एक. एक फोटो कोरडी असताना काढा, एक पाणी शिंपडून, कारण ओली झाली की आतलं शैवाल दिसू लागतं आणि रंग हिरवा होतो. शेजारी नाणं ठेवा. सालीवरून खरवडू नका. वर्षभराने त्याच चकतीचा त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढा. नाव कळलं नाही तर वंशापाशी थांबा, वंशही कळला नाही तर जागा रिकामी सोडा. तारीख, ठिकाण आणि झाडाचं नाव मात्र लिहायला विसरू नका.